तलावाचा काठ आणि आपण : रंकाळा, कळंबा, राजाराम, कोटितीर्थाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या तलावांचे काठ राखण्याचे आराखडे ठरताना लोकांचा सहभाग असावा, यासाठी आम्ही काम करतो. रविवारच्या काठफेरीत (काठावरून चालत केलेल्या पाहणीत), व्हॉट्सअ‍ॅपवर आणि रंकाळ्यावर फिरताना थांबवून लोक जे प्रश्न विचारत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. काठ म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत? कठड्यापर्यंत की पाण्यापर्यंत?

दोन्ही नाही. उन्हाळ्यात पाणी जिथे मागे हटतं तिथपासून भर पावसात जिथे चढतं तिथपर्यंतचा पट्टा, आणि त्याच्या वरची थोडी जमीन, म्हणजे काठ. हा पट्टा वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो आणि काही महिने कोरडा. म्हणूनच त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. मे महिन्यात ती मोकळी जागा दिसते, तिथे एक डंपर मुरूम पडतो, आणि दोन पावसाळ्यांनी ती कुणाची तरी पार्किंगची जागा झालेली असते. रंकाळ्याची पातळी जुनी माणसं संध्यामठावरून सांगतात: मठ किती उघडा पडला, किती बुडाला. तलावाची हद्द अशी हलती आहे हे डोक्यात ठेवलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

२. काठ राखायचं काम महापालिकेचं आहे. आम्ही त्यात का पडायचं?

काम त्यांचंच आहे, आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायचं आहे. पण आराखडा काढणारा सल्लागार बहुतेकदा बाहेरगावचा असतो. चार दिवस येतो, ड्रोन उडवतो, नकाशा करतो. ड्रोनला पाणी दिसतं, पण जुलैत ते कुठल्या गल्लीत शिरतं ते दिसत नाही. ते त्या गल्लीतल्या माणसालाच ठाऊक असतं.

दुसरं कारण या शहराच्या आठवणीत आहे. कपिलतीर्थ आज मंडई म्हणून ओळखीचं आहे, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. तळी गेली आणि नावं उरली. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचतं, कारण पाणी आपली जागा विसरत नाही. ही तळी बुजत होती तेव्हा शहरातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

३. सहभाग म्हणजे सह्यांची मोहीम आणि श्रमदान, एवढंच ना?

श्रमदान चांगलंच. पण केंदाळ (जलपर्णी) ओढायला लोक हवेत आणि आराखडा ठरवायला नकोत, हे आम्हाला मान्य नाही. सहभाग म्हणजे निर्णय होण्याआधी माहिती मिळणं, म्हणणं लेखी नोंदलं जाणं, आणि ते मान्य झालं नाही तर कारण कळणं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. बैठक होते, चहा होतो, फोटो निघतात, आणि आराखडा जसा होता तसाच मंजूर होतो.

४. नेमकं कधी बोलायचं? काम सुरू झाल्यावर तर ऐकून घेत नाहीत.

काम सुरू झालं की उशीर झालेला असतो. टेंडर निघालं तरी उशीरच, कारण मग प्रत्येक बदलाला ‘खर्च वाढतो’ हे उत्तर तयार असतं. बोलायची खरी वेळ दोनदा येते. एकदा सल्लागार नेमून सर्वेक्षण चालू असतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा प्रारूप आराखडा तयार होऊन अंदाजपत्रक व्हायचं असतं तेव्हा. सर्वेक्षणाची पट्टी धरलेली माणसं काठावर दिसली की थांबून विचारा: कशाचं काम, कुणाकडून, नकाशा कुठे बघायला मिळेल. विचारायला काही लागत नाही.

५. काठफेरी कशी करायची?

आठ-दहा जण पुरे. हातात गुगलवरून छापलेला मोठा नकाशा, पेन्सिल, आणि फोटो काढताना जागेची नोंद ठेवणारं एखादं अ‍ॅप. तलाव एका दमात पालथा घालू नका. रंकाळ्याचा फेरा साधारण साडेचार किलोमीटरचा आहे, त्याचे चार तुकडे करा आणि एका रविवारी एकच घ्या.

प्रत्येक तुकड्यात पाच गोष्टी टिपायच्या: पाणी आत कुठून येतं, बाहेर कुठून जातं, भर कुठे टाकली आहे, कोण काय वापर करतं, आणि काठ दगडी आहे की मातीचा. नाल्याच्या तोंडाशी थोडं थांबा. रंकाळ्याला मिळणारे श्याम सोसायटी, सरस्वती टॉकीज, देशमुख हॉल हे नाले कोल्हापूरला नावानिशी पाठ आहेत, पण ते कोणत्या वेळी किती वाहतात याची नोंद क्वचितच कुणाकडे असते. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री नऊ असा एकाच जागेचा फोटो महिनाभर काढला तर तो कुठल्याही अहवालाच्या तोडीचा पुरावा होतो.

पावसाळ्यात एक फेरी हवीच. आम्ही पहिल्या वर्षी सगळ्या फेऱ्या हिवाळ्यात केल्या आणि नकाशावर ‘कोरडी जागा’ म्हणून एक कोपरा रंगवला. पुढच्या जुलैत तिथे गुडघाभर पाणी होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, “दरसाल हितवर येतंय की, तुम्ही इचारलंच न्हाई.” त्या कोपऱ्यापासून तीस पावलांवर राहतात त्या. आम्ही त्यांच्या दारावरून चार वेळा गेलो होतो.

६. बैठकीला कुणाकुणाला बोलवायचं?

रोज काठावर येतात त्यांना आधी. धुण्याच्या चावीवर (कपडे धुण्याच्या जागेवर) येणाऱ्या बायका, म्हशी घेऊन येणारे, मासेमारी करणारे, भेळेच्या गाड्या लावणारे, पहाटे फिरायला येणारे, काठालगतच्या शाळांचे शिक्षक, पक्षी बघणारी मुलं. तालमी आणि मंडळं तर हवीतच, कारण कोल्हापुरात पेठेपर्यंत निरोप त्यांच्याशिवाय पोचत नाही.

वेळ चुकली की माणसं येत नाहीत. मंगळवारी सकाळी अकराला सभागृहात घेतलेल्या एका बैठकीला फक्त खुर्च्या होत्या. तीच बैठक संध्याकाळी सहाला काठावरच्या झाडाखाली घेतली, सतरंजी टाकली, आणि माणसं मावेनात. म्हशीवाल्यांना दूध काढायच्या वेळा सोडून बोलवा. बायकांनी मोकळेपणी बोलावं असं वाटत असेल तर त्यांची वेगळी बैठक घ्या. मोठ्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं तेच तेच चार जण बोलतात, हा सगळीकडचा अनुभव आहे.

७. पण म्हशी धुणारे आणि कपडे धुणारेच तर पाणी खराब करतात. त्यांना कशाला बोलवायचं?

शेण आणि साबण पाण्यात जातो, हे खरं आहे. पण तलावाला सगळ्यात मोठा मार बसतो तो प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याचा, आणि ते तुमच्या-आमच्या घरांतून येतं. धुणाऱ्या बाईला हटवणं सोपं असतं, ड्रेनेजची लाइन जोडणं अवघड असतं, म्हणून कारवाई नेहमी सोप्या जागी होते.

त्यांना बोलवलं की पर्याय निघतात. काठापासून आत हौद, त्याला नळ, आणि वापरलेलं पाणी थेट ड्रेनेजला. हौद कुठे असावा हे त्यांनाच विचारा. म्हैस कुठल्या रस्त्याने येते आणि कुठला उतार चढते हे गुराख्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. चुकीच्या जागी बांधलेला हौद कोरडा पडतो आणि म्हशी पुन्हा तलावात उतरतात.

८. सुशोभीकरण झालं म्हणजे संरक्षण झालंच ना?

नाही, आणि हा फरक समजून घ्यायलाच हवा. सुशोभीकरण माणसाच्या नजरेसाठी असतं: ट्रॅक, कारंजी, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. त्यातलं काही चांगलंही असतं. बाकं आणि चांगली वाट हवीच, कारण लोक जिथे येतात ती जागा सहज बळकावली जात नाही.

पण सगळ्या काठाला उभी भिंत किंवा दगडी पिचिंग (उतारावर दगड रचून केलेलं अस्तर) केलं की काठ मरतो. उताराच्या मातीत पाणकणीस, लव्हाळा, नागरमोथा वाढतो. आत येणारा गाळ त्यात अडतो आणि पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस ही झाडं काही प्रमाणात शोषून घेतात. माशांची पिल्लं तिथेच लपतात. वारकरी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली या पक्ष्यांची घरटी अशाच गवतात किंवा त्याच्या कडेला असतात. भिंतीवर घरटं होत नाही. रात्रभर पाण्यावर झोत टाकणारे दिवे असले तर पक्षी ती बाजू सोडतात.

आमचं म्हणणं साधं आहे. काठाचे तुकडे पाडा. बांध आणि वर्दळीचा भाग आहे तिथे दगडी काम राहू दे. नाल्याच्या तोंडाजवळ आणि शांत बाजूला मातीचा उतार आणि गवत राखा. कुठला तुकडा कशासाठी, हे काठफेरीच्या नकाशावर (प्रश्न ५) लोकांसमोर ठरवा.

९. केंदाळ काढलं की तलाव साफ झाला. मग आराखडा कशाला?

केंदाळ हे दुखणं नव्हे, दुखण्याची खूण आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाण्यात मैल्याचं खत मिळालं की ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. हिरवा तवंग येतो तोही त्याच खतावर. खत बंद केल्याशिवाय केंदाळ काढणं म्हणजे दरवर्षी तेच टेंडर. एक गोष्ट मात्र विसरू नका: काढलेलं केंदाळ काठावरच रचून ठेवलं तर कुजून त्याचं खत परत पाण्यात जातं. ते त्याच दिवशी उचललं जातंय का, एवढं बघितलं तरी मोठं काम होईल.

१०. समुद्राकाठी सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) असतो, पंचगंगेला निळी-लाल रेषा आहे. तलावाला काय?

सीआरझेड समुद्र, खाड्या आणि भरतीचं पाणी पोचतं त्या भागापुरता असतो, त्यामुळे तो इथे लागू नाही. निळी आणि लाल रेषा नदीच्या पुराची. निळी म्हणजे २५ वर्षांत एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांत एकदाच्या पुराची. २०१९ आणि २०२१च्या पुरानंतर या रेषा कोल्हापुरात घरोघरी माहीत झाल्या. पण तलावाचा काठ नदीच्या पूररेषेबाहेर असला म्हणजे तिथे काहीही बांधता येतं, असं नाही. तलावासाठी पाणथळ जागांचे नियम (प्रश्न ११), विकास आराखड्यातली आरक्षणं (प्रश्न १४) आणि जमीन महसूल कायदा बघावा लागतो.

११. पाणथळ जागांचे नियम काय सांगतात?

केंद्र सरकारचे २०१७चे नियम आहेत. अधिसूचित पाणथळ जागेत अतिक्रमण, जागेचा वापर बदलणं, घनकचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं, नवे उद्योग काढणं, शिकार, या गोष्टींना मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करता येत नाही, बोटीच्या धक्क्याचा तेवढा अपवाद. नियम अमलात आले तेव्हापासून मागची दहा वर्षं धरायची आहेत. पाणलोटातल्या ज्या भागाचा तलावावर परिणाम होतो तो ‘प्रभावक्षेत्र’ म्हणून ठरवायचा असतो.

सामान्य माणसाच्या दृष्टीने यातला कळीचा शब्द ‘पूरपातळी’. दहा वर्षांत पाणी कुठवर चढलं याची नोंद कागदावर नसेल तर ती कमी धरली जाण्याचा धोका असतो. इथे घरातले अल्बम उपयोगी पडतात. आमच्यातल्या एकाने बारशाच्या दिवशीचा कुटुंबाचा फोटो आणला. मागे शालिनी पॅलेस, पुढे पायऱ्या, आणि वरून तिसऱ्या पायरीला लागलेलं पाणी. फोटोच्या पाठीवर शाईने तारीख. तो फोटो दहा वर्षांहून फार जुना होता, त्यामुळे हिशेबात धरता आला नाही, पण तो बघून लोकांनी आपापल्या मोबाइलमधले २०१० नंतरचे फोटो शोधायला सुरुवात केली. तेच कामाला आले.

१२. ‘हा तलाव बांधीव आहे, नियम लागू नाही’ असं सांगतात. खरं आहे का?

अर्धं खरं. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलसाठे, आणि मत्स्यशेती, मीठ, करमणूक किंवा सिंचनासाठी खास बांधलेल्या रचना २०१७च्या नियमांच्या व्याख्येबाहेर आहेत. कळंबा तलाव कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी संस्थानकाळात बांधलेला. त्यामुळे त्याच्याबाबत हा मुद्दा पुढे येणारच, आणि त्याची तयारी आपण आधीच ठेवायला हवी.

पण एका नियमाबाहेर असणं म्हणजे वाऱ्यावर असणं नव्हे. जलप्रदूषणाचा १९७४चा कायदा बांधीव तलावालाही लागू आहे. जमीन महसूल संहितेनुसार जी तळी इतर कुणाच्या मालकीची नाहीत ती सरकारची. तळी आणि तलाव ही समाजाची भौतिक संपत्ती असून ती राखली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये हिंच लाल तिवारी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पिण्याचा साठा असेल तर उलट जास्त कडक राखण मागा. लोकांच्या पोटात जाणारं पाणी म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येत नाही.

१३. माझा प्लॉट काठाला लागून आहे. तुमच्या आराखड्याने माझी जमीन जाईल का?

ही भीती मनात धरून लोक बैठकीला येतच नाहीत. मग त्यांच्या गैरहजेरीत रेषा आखली जाते आणि भांडण उभं राहतं. बंधन येणं म्हणजे मालकी जाणं नव्हे. आरक्षण पडलं तर संपादन आणि मोबदल्याची कायदेशीर रीत आहे, त्यात विकास हक्क हस्तांतरण म्हणजे टीडीआरचाही पर्याय असतो. तुमचे कागद चोख असतील तर हरकत नोंदवा आणि सुनावणीत हजर राहा. भर टाकून वाढवलेली जागा असेल तर मात्र तिच्या बाजूने आम्ही उभे राहणार नाही, हे आधीच सांगतो.

हद्दीबद्दल वाद असेल तर तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी शेजारी आणि गल्लीतले दोघे-तिघे हजर असू द्या.

१४. विकास आराखड्यावर हरकत कशी लिहायची? वकील लागतो का?

वकील लागत नाही. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत साधारण ३० दिवसांची असते, पण जाहिरातीत छापलेली तारीख हीच खरी धरा. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर आराखड्यात एखादं आरक्षण बदलायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३७खाली पुन्हा जाहीर सूचना काढावी लागते. तलावाकाठचं ‘उद्यान’ गुपचूप ‘रहिवासी’ होण्याच्या वाटेवर ही एक चौकी आहे, म्हणून वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांच्या जाहिराती वाचायची सवय लावून घ्या.

हरकतीत एका वेळी एकच मुद्दा. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्याच्या पानाचा क्रमांक, काय चुकलं, काय हवं. उदाहरणार्थ: “अमुक सि.स.नं.मधून पावसाळी ओढा तलावाला मिळतो. प्रारूप नकाशात तो दाखवलेला नाही. सोबत जुलैतले तीन फोटो व गाव नकाशाची प्रत. ओढा दाखवून दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा ठेवावा.” एवढं पुरतं. ‘तलाव वाचवा’ असं लिहिलेले पाचशे छापील कागद एकच हरकत म्हणून मोजले जाऊ शकतात, नंबर टाकलेली वीस वेगळी पत्रं वीस म्हणूनच ऐकावी लागतात. सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे, असं शेवटी लिहायला विसरू नका. आणि पोच घ्या, आवक क्रमांकासकट. एका कार्यालयात आम्ही विश्वासाने कागद ठेवून आलो आणि सुनावणीच्या यादीत आमचं नावच नव्हतं.

१५. तलाव एका हद्दीत आणि पाणी दुसऱ्या हद्दीतून येतं. तक्रार कुठे करायची?

दोन्हीकडे, आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. कळंब्याला कात्यायनीच्या डोंगराकडून पाणी येतं. काठ कितीही राखला तरी वर डोंगर पोखरला गेला आणि ओढे बुजले तर तलाव गाळाने भरणार. म्हणून वरच्या गावांच्या ग्रामसभेत हा विषय मांडणं शहरातल्या काठफेरीइतकंच गरजेचं आहे. ग्रामसभेत शहरातून जाऊन भाषण करू नका. गावातल्याच कुणाला तरी विषय मांडू द्या, तुम्ही नकाशा घेऊन बाजूला बसा.

१६. गणपती विसर्जनाबद्दल तुमची भूमिका काय?

श्रद्धेला धक्का न लावता पाणी राखायचं. मूर्तिदान, कुंडातलं विसर्जन आणि इराणी खण या पाणी भरलेल्या जुन्या खाणीसारखी वेगळी जागा हे मार्ग कोल्हापुराने स्वीकारलेलेच आहेत. निर्माल्याचे कलश ओसंडायच्या आत उचलले गेले पाहिजेत. कुंडांच्या जागा ठरवायच्या बैठकीत त्या पेठेतल्या मंडळांना बसवा. स्वतः ठरवलेली जागा मंडळं पाळतात.

१७. आमच्यातच एकमत होत नाही. कुणाला बोटिंग हवं, कुणाला नको.

एकमताची वाट बघत बसू नका. जिथे एकमत आहे ते आधी लेखी द्या. मैलापाणी बंद करा, भर काढा, हद्द मोजा, यावर वाद करणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. मतभेदाचे मुद्दे वेगळ्या कागदावर, दोन्ही बाजूंसकट लिहा. मतभेद लपवले की पुढे कुणीतरी तुमच्यातल्याच एका गटाला उभं करून ‘लोकांची मागणी आहे’ म्हणतं.

१८. सगळं केलं, तरी कुणी दाद देत नाही. पुढे?

माहिती अधिकारात नकाशा, सल्लागाराचा अहवाल आणि कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, लांबण लावली की तो परत येऊ शकतो. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. प्रदूषणाची लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात द्या आणि पाण्याचा नमुना तुमच्यासमोर घ्यायला सांगा. आंघोळीयोग्य पाण्यात बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम तरी हवा, अहवाल आला की हे दोन आकडे आधी बघा.

त्यानेही भागलं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद आहे, त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात बसतं. तिथे दाद मागायला घटनेपासून सहा महिन्यांची मुदत साधारणपणे असते. म्हणून भर पडताना दिसली त्या दिवसाचा तारखेसह फोटो जपून ठेवा.

१९. आराखडा मंजूर झाला, त्यात आमच्या सूचनाही आल्या. आता आमचं काम संपलं का?

आता ते जास्त बारीक होतं. मंजूर नकाशाची रंगीत प्रत मिळवा आणि काठालगतच्या प्रत्येक तालमीत, शाळेत एक लावा. दर शंभर मीटरला एक खूण ठरवा, खांब, झाड, पायरी, काहीही चालेल. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो काढा. काम चालू असताना कार्यादेशातली बाब आणि जागेवरचं काम ताडून बघा. ‘मातीचा उतार’ लिहिलेल्या जागी काँक्रीटचा मिक्सर दिसला तर त्याच तासाला कनिष्ठ अभियंत्याला फोन, आणि फोनमागोमाग लेखी पत्र. काँक्रीट वाळायला एक रात्र पुरते.